मंडळीत जन्माला येता येत नाही

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या वर. त्यात ख्रिस्ती मोजकेच. खामगाव, मलकापूर किंवा खुद्द बुलढाण्यात एखाद्या जुन्या जाणत्याला विचारले, की इथले ख्रिस्ती कोणत्या मिशनचे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘अलायन्सचे.’ म्हणजे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. बाप्टिस्ट हे नाव त्यात कुठे नाही. पण अलायन्सच्या रीतीत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होत नाही. आईवडील मूल घेऊन पुढे येतात, पाळक प्रार्थना करून त्याचे समर्पण करतात, आणि पाणी न लावताच सगळे जागेवर जाऊन बसतात. ते पाणी त्या मुलाने मोठेपणी, चारचौघांत साक्ष देऊन, आपल्या तोंडाने मागायचे असते. मग ते डोक्यावर शिंपडून भागत नाही, त्यात पूर्ण बुडावे लागते. बाप्टिस्टांची ओळख हीच. म्हणजे पाटी एकाची आणि रीत दुसऱ्याची, असा हा वऱ्हाडातला मामला आहे.

त्याचे मूळ न्यूयॉर्कमध्ये सापडते. ए. बी. सिम्प्सन हे कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन पाळक. प्रेस्बिटेरियन म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. सिम्प्सन यांनीही तो पुष्कळ दिला असणार. 1881मध्ये त्यांनी स्वतः एका लहानशा बाप्टिस्ट चर्चमध्ये बुडून बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच वर्षी तेराव्या रस्त्यावरच्या आपल्या प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन चर्चचा राजीनामा दिला. मात्र ते बाप्टिस्ट झाले नाहीत. त्यांना नवा पंथ नको होता. सगळ्या पंथांतल्या उत्साही माणसांची एक मिशनरी फळी हवी होती. 1887मध्ये ती फळी उभी राहिली, आणि अलायन्सने आपण एक चर्च आहोत हे अधिकृतपणे मान्य केले ते थेट 1974मध्ये. दरम्यान अकोल्याला मार्कस आणि जेनी फुलर यांनी तळ टाकला होता. जेनी फुलर यांचे हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालांवरचे पुस्तक 1900मध्ये निघाले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. अकोल्याहून हे काम खामगाव, मलकापूर, बुलढाणा असे पसरले. विक्रम संवतातल्या छप्पनच्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलामुलींना आसरा देणे हा त्या कामाचा मोठा भाग होता.

आता मूळ बाप्टिस्टांकडे. 1609च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये राहणाऱ्या इंग्रज निर्वासितांच्या एका लहान गटाचा पुढारी होता जॉन स्मिथ. इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी फारकत घेऊन ही माणसे परदेशी आली होती. स्मिथला प्रश्न पडला, की ज्या चर्चला आपण खोटे ठरवले त्या चर्चने लहानपणी आपल्याला दिलेला बाप्तिस्मा खरा कसा? आणि तो खरा नसेल तर आपल्यातला बाप्तिस्मा झालेला माणूस कोण? कुणीच नाही. शेवटी त्याने आपल्या हाताने स्वतःलाच बाप्तिस्मा दिला आणि मग इतरांना. त्या दिवशी कुणी नदीत बुडाले नव्हते. पाणी ओतले गेले होते. बुडवण्याची रीत इंग्लंडमधल्या बाप्टिस्टांत रूढ झाली 1640च्या आसपास, म्हणजे तीसेक वर्षांनी.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. बाप्टिस्ट म्हणजे जास्त पाणी वापरणारे, अशी एक समजूत आहे. सुरुवात पाण्याच्या मापावरून झालीच नव्हती. झाली ती ‘मंडळी कुणाची?’ या प्रश्नावरून. राजाच्या राज्यात जन्मलेला प्रत्येक जण चर्चचा, हे त्या काळचे सर्वमान्य उत्तर. स्मिथ आणि त्याचा सोबती थॉमस हेल्विस यांनी ते उलटे केले : ज्याने स्वतः विश्वास ठेवला आणि तसे कबूल केले, तोच मंडळीचा. बाकी सगळे यातून ओघाने येते. तान्हे मूल कबुली देऊ शकत नाही, म्हणून त्याचा बाप्तिस्मा नाही. राजा कुणाच्या वतीने विश्वास ठेवू शकत नाही, म्हणून त्याने धर्माच्या कारभारात पडू नये. 1612मध्ये हेल्विसने हे छापले, आणि ते फक्त आपल्या लोकांपुरते मागितले नाही. तुर्क, ज्यू, पाखंडी, सगळ्यांनाच राजाने मोकळे सोडावे असे म्हटले. पुस्तकाची एक प्रत त्याने राजा जेम्ससाठी स्वहस्ताक्षरात मजकूर लिहून ठेवली. बक्षीस म्हणून न्यूगेटचा तुरुंग मिळाला, आणि 1616च्या सुमारास तो मेला.

वारकरी मुलखातल्या वाचकाला हा विचार अगदीच परका वाटू नये. शेगावच्या परिसरात माळकऱ्याच्या घरी मूल जन्मले म्हणून त्याच्या गळ्यात तुळशीची माळ आपोआप येत नाही. ती कुणाकडून तरी घ्यावी लागते, आणि घेतली की एकादशी आली, वारी आली, मांसाहार सुटला. तरी कित्येक घरांत पोराच्या गळ्यात माळ लवकरच पडते. ‘कळायला लागल्यावर घेऊ दे की,’ असे एखादा आजोबा म्हणतो, आणि आजी म्हणते, ‘घरचं वळण आहे, तेव्हाच पडू दे.’ ख्रिस्ती जगात पाचशे वर्षे चाललेला वाद या दोन वाक्यांत मावतो. आजीची बाजू लंगडी नाही. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै गावी लुदियाचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाल्याचे लिहिले आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या बाबतीतही तसेच. त्या घराण्यात तान्ही मुले नसतील कशावरून, असे शिशुबाप्तिस्मावाले विचारतात. होती हे कुठे लिहिले आहे, असे बाप्टिस्ट विचारतात. दोघांच्या हाती तोच उतारा.

मंडळी विश्वास ठेवणाऱ्यांची, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न कारभाराचा. तिथे बाप्टिस्टांचे उत्तर पाण्याइतकेच ठाम आहे. प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्या जागी पूर्ण. तिच्यावर बिशप नाही, सिनॉड नाही. पाळक मंडळी नेमते आणि मंडळीच त्याला निरोप देते. नवा सभासद घ्यायचा की नाही, चुकलेल्याला शिस्त लावायची की नाही, हिशेब मंजूर की नाही, हे सभासदांच्या सभेत ठरते. कामाची पदे दोनच, पाळक आणि सेवक. विधीही दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. मंडळ्या एकमेकींशी संबंध ठेवतात, संघ करतात, मिळून मिशन चालवतात; पण संघाचा ठराव मंडळीवर बंधनकारक नसतो. वारकऱ्यांचे फड आपापल्या जागी स्वतंत्र असतात, तसेच काहीसे. फरक इतकाच, की फडाची गादी बहुधा घराण्यात चालते, आणि बाप्टिस्टांना नेमके तेच नको आहे.

मराठी मुलखात हा सिद्धांत अखंड आलाच नाही. तो दोन तुकड्यांत आला.

पहिल्या तुकड्याची कथा 1812ची. त्या वर्षी 6 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना हिंदुस्थानात पाठवण्यासाठी दीक्षा मिळाली. पाचही काँग्रिगेशनल पंथाचे : मंडळी स्वतंत्र मानणारे, पण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम केरी यांची बाप्टिस्ट मंडळी होती. तिथे बाप्तिस्म्यावर वाद होणार हे ओळखून त्यांच्यातल्या ॲडोनिराम जडसन यांनी जहाजावरच त्या विषयाचा अभ्यास आरंभला, आणि वाद घालायला निघालेले जडसन स्वतःच पलटले. 6 सप्टेंबर 1812 रोजी कलकत्त्यात त्यांनी बुडून बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ ल्यूथर राइस यांनीही. जडसन ब्रह्मदेशाला गेले. जे पलटले नाहीत त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813मध्ये मुंबईला उतरले, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. मुंबईला जडसन उतरले असते तर अहमदनगरच्या मंडळ्यांत आज हौद असते, असे म्हणायला हरकत नाही. ते झाले नाही. नगरकडे सभासदांनी चालवायची मंडळी पोचली, पाणी मात्र शिंपडायचेच राहिले.

खुद्द केरींचे मराठीवरचे ऋण इथल्या ख्रिस्तीच काय, इतर मराठी माणसांनीही मानले आहे. 1805चे व्याकरण, 1810चा कोश, 1811चा नवा करार. साऱ्यामागे वैजनाथ पंडितांची साथ. पण मराठीला बाप्टिस्टांकडून शब्द मिळाले, मंडळी नाही.

दुसरा तुकडा अलायन्सबरोबर वऱ्हाडात आला. इथे पाणी बाप्टिस्टांचे, कारभार मात्र वडीलमंडळींचा आणि वरच्या समित्यांचा, प्रेस्बिटेरियन वळणाचा. त्यावर बराच काळ मिशनऱ्यांची हुकमत. म्हणजे नगरकडे मत आले, पाणी नाही. बुलढाण्याकडे पाणी आले, मत अर्धेच. बाप्टिस्टांच्या लेखी ही दोन वेगळी कलमे नव्हेतच. ज्याला निर्णय घेता येतो म्हणून बाप्तिस्मा देता, त्यालाच मंडळीच्या निर्णयात हात का नको? पाण्यात उभा राहून तो आपल्या आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय सांगतो आणि बाहेर आल्यावर त्याला कळते, की पाळक कोण येणार हे दुसऱ्याच गावी ठरले आहे. ही विसंगती एकट्या अलायन्सची नाही. मिशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बहुतेक मंडळ्यांचे दुखणे हेच होते : पगार जिथून येतो, ठराव तिथलाच चालतो.

सभेचे मत म्हणजे स्वर्ग, असेही मानायचे कारण नाही. वीस-पंचवीस घरांच्या मंडळीत, जिथे अर्धे एकमेकांचे व्याही आणि उरलेले मेहुणे, तिथे पाळकाच्या नेमणुकीवरचे मतदान ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपेक्षा फार निराळे असेल असे वाटत नाही. सभासदांचे राज्य मोठ्या, अनोळखी वस्तीत जितके शोभते तितके भावकीत शोभत नाही. अशा वेळी लांबचा एखादा सिनॉड, त्याला नावे ठेवूनसुद्धा, उपयोगी पडतो.

तरी खरा पेच कारभाराचा नाही. एका माणसाने एकट्याने ठरवणे म्हणजे काय, हा आहे. आणि या प्रश्नावर विदर्भाने जितका विचार केला आहे तितका फार थोड्या प्रदेशांनी केला असेल. 1954मध्ये मध्य प्रदेश सरकारने धर्मांतरांच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली तेव्हा बुलढाणा त्याच राज्यात होता. समितीचा अहवाल 1956मध्ये आला. धर्मांतर आमिषाने होते की मनाने, हा तिचा मुख्य प्रश्न. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना 22 प्रतिज्ञा दिल्या. बुलढाणा जिल्ह्यातली मोठी बौद्ध वस्ती त्या घटनेशी थेट जोडलेली आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी एक टोचणारे निरीक्षण नोंदवले आहे : भिक्षूंसाठी संघदीक्षा होती, पण गृहस्थांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, ही गंभीर उणीव होती आणि बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारा उंबरठा नसेल तर माणसे येतात तशी निघूनही जातात. दीक्षाभूमीवर तो उंबरठा घातला गेला. ॲमस्टरडॅमच्या निर्वासितांचे म्हणणे वेगळ्या वाटेने याच जागी येते.

वेगळेपण आहेच. धम्मदीक्षेत एका समाजाने मिळून उठणे हीच ताकद होती. बाप्टिस्ट मात्र माणसे एकेक करून मोजायला बघतो. प्रत्यक्षात ते नेहमी जमते असे नाही. तेलुगू मुलखात ओंगोलजवळ अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी जॉन क्लॉ यांच्यावर 1876-78च्या दुष्काळात ही वेळ आली. बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेऊन त्यांनी भुकेल्यांना काम दिले, आणि भाकरीसाठी कुणी ख्रिस्ती होऊ नये म्हणून सव्वा वर्ष एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. दुष्काळ सरल्यावर 3 जुलै 1878 या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला; सहा पाळक, दोघे-दोघे पाळीपाळीने. थांबण्यातला प्रामाणिकपणा निःसंशय. पण आले ते बहुतांशी मादिगा समाजाचे, गावेच्या गावे. प्रत्येकाने कबुली दिली एकेकट्याने, आणि ठरवले सगळ्यांनी मिळून. नियोगी समितीच्या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी काय द्यायचे? अनाथाश्रमात वाढलेल्या खामगावच्या मुलीने पंधराव्या वर्षी बाप्तिस्मा मागितला असेल, तर तो तिचा निर्णय की तिला वाढवणाऱ्यांचा? बाप्टिस्ट सिद्धांताचे मोठेपण हे, की तो हा प्रश्न टाळू देत नाही. शिशुबाप्तिस्मा मानणाऱ्याला तो पडतच नाही.

आणखी अवघड जागा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत येते. पहिल्या पिढीने गाव, नाती, कधी जमीनही सोडून निर्णय घेतलेला असतो. तिची नातवंडे मिशन कंपाउंडमध्ये वाढतात, संडे स्कूलला जातात, नाताळात गाणी म्हणतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘धर्म : ख्रिश्चन’ असते, मंडळीच्या सभासद-वहीत त्याच मुलाचे नाव नसते. सरकारच्या लेखी ते जन्मापासून ख्रिस्ती, मंडळीच्या लेखी अजून नाही. लग्नाची वेळ येते आणि कुणीतरी म्हणते, ‘अजून बाप्तिस्मा झाला नाही का? उरकून घ्या.’ ज्या विधीचा सारा अर्थ स्वतःहून मागण्यात, तो उरकायच्या यादीत जातो. वऱ्हाडच कशाला, मॅसॅच्युसेट्समधल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांवर 1662मध्ये हेच आले. आजोबांना धर्माचा अनुभव होता, मुलांना नव्हता, नातवंडांचे करायचे काय? त्यांनी मधला मार्ग काढला : नातवंडांना बाप्तिस्मा द्यायचा, पण त्यांच्या आईवडिलांना प्रभुभोजन आणि मत नाही. अर्धे सभासद. असा मार्ग बाप्टिस्टाला घेता येत नाही. त्याला दर पिढीत मंडळी नव्याने उभी करावी लागते. जातीच्या देशात, जिथे मूठभर माणसांनाही शेवटी एक जात म्हणूनच ओळखले जाते, हे ओझे भारी आहे.

उंबरठा असावाच का, असे विचारणारेही झाले. जॉन बनियन बेडफर्डच्या बाप्टिस्ट वळणाच्या मंडळीचे पाळक होते. धर्मोपदेशापायी त्यांनी बारा वर्षे तुरुंग भोगला. त्यांचा ग्रंथ हरि केशवजींनी 1841मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणला. पाण्याविषयी मत वेगळे म्हणून विश्वासूला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवू नये, असे बनियन यांनी 1673मध्ये लिहिले आणि आपल्याच लोकांची बोलणी खाल्ली. नारायण वामन टिळक त्याही पुढे गेले. 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्तशिष्य म्हणून बसायचे होते. 1919च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराला बहर आलाच नाही. तरी मंडळीच्या प्रश्नाला एका मराठी माणसाने दिलेले इतके स्वतंत्र उत्तर दुसरे नाही. बाप्टिस्टांनी जन्माचे दार बंद करून पाण्याचे उघडले. टिळकांनी पाण्याचेही उघडेच ठेवले.

उलट दिशेने समेट झाला तो नागपूरला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. त्यात अँग्लिकन होते, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात आधीच सामील झाल्या होत्या ते युनायटेड चर्च होते, ब्रिटिश बाप्टिस्टांच्या उत्तर भारतातल्या मंडळ्या होत्या आणि ब्रदरेनही होते. बाप्टिस्टांनी बिशप स्वीकारले. बदल्यात दोन्ही बाप्तिस्मे ग्राह्य ठरले. आईवडिलांनी निवडायचे : एक तर तान्हेपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, नाहीतर तान्हेपणी समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. प्रश्न उरला तो लहानपणी पाणी लागलेल्या माणसाने मोठेपणी ‘मला पुन्हा, बुडून हवा’ म्हटले तर? त्यावर तोड अशी निघाली, की पाळकाने ते प्रकरण बिशपकडे न्यावे. अलायन्स या एकीकरणात सामील झाले नाही.

ब्रदरेन म्हणजे 1708मध्ये जर्मनीत सुरू झालेला, तीनदा बुडवून बाप्तिस्मा देणारा पंथ. हिंदुस्थानातले त्यांचे मुख्य ठाणे बलसाड, शिवाय डहाणूकडेही काम. 1970च्या ठरावाने आपली मंडळी खरोखर विलीन झाली का, यावर त्यांच्यात फूट पडली आणि भांडण अखेर सर्वोच्च न्यायालयात गेले. 2013मध्ये न्यायालयाने सांगितले, की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणजे संस्था आणि तिची मालमत्ता आपोआप गेली असे होत नाही; सोसायट्यांच्या आणि सार्वजनिक विश्वस्त न्यासांच्या कायद्यातली रीत पाळावी लागते. विश्वासाच्या बाबतीत एकत्र व्हायला कुणाची आडकाठी नाही, पण जमीन मात्र जिथे होती तिथेच. महाराष्ट्रातही चर्चच्या इमारती आणि कंपाउंड न्यासांच्या नावे धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत असतात. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, आणि तो विश्वस्त लहानपणी शिंपडलेला आहे की मोठेपणी बुडालेला, याचा रकाना त्यात नाही.